परसांतील पाठ : वसंताची तयारी शिशिरांत

वसंत ऋतु म्हटला कीं आम्रमंजरी, कोकिळेचा स्वर आणि मंद वारा हीं आपल्या मनापुढें उभीं राहतात. हें चित्र काव्यांनीं दिलेलें आहे, आणि काव्यापुरतें तें खरेंहि आहे. परंतु देशावरच्या एखाद्या परसांत, अंगणांत किंवा गच्चीवर खुरपें हातांत घेऊन जो बसतो, त्याला वसंताचें दुसरेंच रूप दिसतें. पुण्यास जानेवारींतील पहाटेचें सरासरी उष्णतामान ११-१२ अंश सेल्सियस असतें. तेंच एप्रिलांत दुपारीं सरासरीनें ३८ अंशांच्या आसपास चढतें. या दोहोंमध्यें अंतर काय तें अवघें तीन महिन्यांचें. थंड देशांतील वसंत हा दीर्घ व सौम्य काळाचा आरंभ असतो. आपला वसंत हा ग्रीष्माच्या घराचा उंबरठा आहे, आणि उंबरठ्यावर कोणी बिऱ्हाड मांडीत नाहीं. यास्तव ज्यांना चैत्र-वैशाखांत घरची भाजी खावयाची असेल, त्यांनीं चैत्राची वाट पाहत बसूं नये, हें सांगण्यासाठीं यावेळचा पाठ आहे.

गेल्या महिन्यांत एका भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात कीं सतत तीन वर्षें त्यांनीं गुढीपाडव्याच्या शुभदिनीं मुलांच्या हातून भेंडी, काकडी व दुधी यांचें बीं लावविलें. बीं रुजलें, वेल चढले, फुलेंहि आलीं. परंतु दुधीचीं बोटाएवढीं फळें पिवळीं पडून गळालीं, काकडी कडू निघाली, आणि मे महिन्यांत इमारतीला पाण्याचा टँकर येऊं लागला तेव्हां मामंजींनीं, 'माणसांना पुरेल तर झाडांना घालायचें,' असें म्हणून बाग मोडावयास सांगितली. यंदा धाकट्या मुलीनें विचारलें, 'आई, आपल्या हातून भाज्या येतच नाहींत का ग?' तो प्रश्न मातेच्या जिव्हारीं लागला, आणि यापुढें बाग करावी कीं सोडून द्यावी, असें त्यांनीं मला विचारलें आहे.

त्या भगिनींना प्रथम सांगावयाचें तें हें कीं दोष आपल्या हातांत नाहीं व बियांतहि नाहीं. तो मुहूर्तांत आहे. पाडवा हा वर्षारंभाचा मुहूर्त आहे, पेरणीचा नव्हे. शिवाय तो चांद्र पंचांगावर चालतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचें, सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचें. दरसाल जी अकरा दिवसांची तूट पडते ती अधिक मासानें भरून काढावी लागते. त्यामुळें २०२४ सालचा पाडवा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला व २०२६ चा १९ मार्चला येतो. आणि मध्यें अधिक ज्येष्ठ पडल्यामुळें २०२७ चा पुन्हां ७ एप्रिलवर जातो. वनस्पतींना तिथि कळत नाहीं. त्यांना ऊन कळतें, जमिनीची ऊब कळते आणि दिवसाची लांबी कळते. हीं तिन्ही सूर्याच्या हातीं आहेत.

म्हणून बागेचा हिशेब सूर्यावर ठेवावा. त्यासाठीं आपल्या सणांतील मकरसंक्रांत फार सोयीची आहे. ती सौर असल्यामुळें सध्यां दरसाल १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. खरें उत्तरायण त्यापूर्वीं तीन आठवडे, २१-२२ डिसेंबरलाच, सुरू झालेलें असतें. अयनचलनामुळें दोहोंत हें अंतर पडलें आहे. म्हणजे आपण तिळगूळ वांटतों तोंवर दिवस वाढूं लागून तीन आठवडे लोटलेले असतात. संक्रांतीचें वाण लुटतांनाच बियांचा डबा उघडावा, एवढा एक नियम पाळला तरी पुढचीं निम्मीं संकटें टळतात. आपल्या ऋतुगणनेंत माघ-फाल्गुन हे शिशिराचे महिने व चैत्र-वैशाख हे वसंताचे. असें असतांहि वसंतपंचमी येते ती माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे भर शिशिरांत. बागवानानें या नांवांतून एक बोध घ्यावा: पाहुणा वाटेवर असतांनाच घर झाडून ठेवावें.

लवकर आरंभ करण्याचीं कारणें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें कारण मुळांचें. बीं रुजल्यानंतरचे पहिले कांहीं आठवडे रोप वर फारसें वाढत नाहीं. त्या काळांत तें खालीं मुळें पसरीत असतें. हे आठवडे माघाच्या कोंवळ्या उन्हांत गेले तर मुळें खोल जातात, आणि पुढें वरची चार बोटें माती तापून कोरडी झाली तरी खालचा ओलावा त्यांना सांपडतो. तेच आठवडे एप्रिलांत आले तर रोपाला पहिल्या दिवसापासून घोटघोट पाण्यावर जगावें लागतें, आणि पाणी वरवर मिळाल्यामुळें मुळेंहि वरवरच राहतात.

दुसरें कारण फुलांचें, आणि तें पुष्कळांना ठाऊक नसतें. काकडी, दुधी, दोडका व कारलें यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादीफुलाच्या पाठीशीं इवलेंसें फळ आधींच असतें. नरफुलाचा देठ साधा असतो. हवा थंड व दिवस लहान असला कीं मादीफुलें अधिक येतात; उष्णता चढली आणि दिवस मोठा झाला कीं नरफुलांची संख्या वाढते. मे महिन्यांत फुलणाऱ्या वेलावर फुलांची शोभा दिसते, परंतु फळ थोडें धरतें. त्यांतहि जीं मादीफुलें येतात त्यांना पराग मिळाला नाहीं, तर बोटाएवढें फळ पिवळें पडून गळतें. पत्रलेखिकेच्या दुधीचें असेंच झालें असावें. काकडीचा कडूपणाहि बहुधा उष्णता व पाण्याची ओढ यांमुळें वाढतो. टोमॅटोची गोष्टहि निराळी नाहीं. दुपारचें उष्णतामान ३५ अंशांपलीकडे जाऊं लागलें म्हणजे परागांचा जोर जातो, आणि फूल फळ न धरतांच झडतें.

तिसरें कारण किडींचें. तांबडे भुंगेरे वेलांच्या कोंवळ्या दळांवर तुटून पडतात. दोन दळांच्या रोपाचा ते एका सकाळींत फडशा पाडतात, परंतु पांच-सहा पानांच्या वेलाला तोच घाव सोसतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग पांढऱ्या माशीमुळें पसरतो, आणि उष्ण, कोरड्या हवेंत ती माशी झपाट्यानें वाढते. त्या आधीं भेंडीला शेंगा लागल्या तर निम्मी लढाई जिंकली.

आतां उलटी मोजणी करून पाहूं. भेंडी आणि काकडी यांना पहिली तोडणी येण्यास साधारणपणें ४५ ते ५० दिवस लागतात, दोडका-कारल्यांना ५५ ते ६५ आणि दुधीला ६० ते ६५. बीं २५ जानेवारीला घातलें तर पन्नास दिवस १६ मार्चला भरतात आणि पांसष्ट दिवस ३१ मार्चला. थंडीमुळें आठ-दहा दिवस मागेंपुढें झाले तरी एप्रिलभर ताटांत भाजी पडते. तेंच बीं ३० मार्चला घातलें तर पांसष्ट दिवस ३ जूनला भरतात, आणि सगळा फुलोरा वैशाखवणव्यांत सांपडतो. विलंब दोन महिन्यांचा. परंतु त्यानें होणारें नुकसान सगळ्या हंगामाचें.

मात्र यावर एक रास्त शंका येते. लवकर आरंभ करावयाचा तर मार्गशीर्षांतच बीं कां टोकूं नये? याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. हिंवाळ्यांत मटकीला मोड लवकर येत नाहींत, म्हणून घरांतील बायका ती फडक्यांत घट्ट बांधून उबेला ठेवतात. भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या यांच्या बियांचा स्वभाव असाच आहे. त्यांना २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. माती १५-१६ अंशांच्या खालीं गेली तर बीं रुजण्याऐवजीं ओल खाऊन कुजतें. म्हणून आरंभ लवकर करावा, पण उघड्या मातींत नव्हे. उबेच्या जागीं करावा. बीं पेरण्यापूर्वीं त्यावर संस्कार करण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेमध्यें वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला, आणि त्यांत अशा संस्कारांचें वर्णन केलें आहे. आपल्याला तितक्या खटाटोपाची गरज नाहीं. मटकीची रीत पुरे.

ती रीत अशी. काकडीचें बीं रात्रभर, व दुधी, दोडका, कारलें यांचें जाड सालीचें बीं एक दिवस-रात्र कोमट पाण्यांत भिजत घालावें. कारल्याच्या बियाचें टोंक नखकात्रीनें किंचित् कातरलें तर पाणी आंत लवकर शिरतें. मग बीं ओल्या फडक्यांत गुंडाळून शेगडीजवळच्या फळीवर ठेवावें. दोन-चार दिवसांत शुभ्र अंकुर दिसतो. या वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाहीं, म्हणून ट्रेमध्यें दाटीनें पेरून मागाहून उपटण्यापेक्षां प्रत्येक बियाला स्वतंत्र घर द्यावें. त्यासाठीं पळसाच्या पानांच्या द्रोणासारखी दुसरी वस्तु नाहीं. द्रोणांत पोयट्याची माती, चाळलेलें जुनें शेणखत व थोडी वाळू यांचें मिश्रण भरावें, तळाशीं काडीनें छिद्र पाडावें, आणि अंकुरलेलें बीं पेरभर खोल ठेवावें. पुढें द्रोणासकट रोप जमिनींत लावतां येतें; पान आपोआप कुजून जातें. द्रोण न मिळाले तर वर्तमानपत्राचे दुहेरी पुडे चालतात.

द्रोणांचें ताट दिवसा पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या उन्हांत आणि रात्रीं घरांत ठेवावें. पाणी झारीनें, माती वरून सुकलेली दिसली तरच घालावें. या वयांतील रोपें तहानेपेक्षां अतिपाण्यानेंच अधिक कोलमडतात. सुमारे तीन आठवड्यांनीं खरीं पानें दोन ते चार झालीं कीं सायंकाळीं आळ्यांत लावावीं. हा दिवस फेब्रुवारीच्या मध्याला येतो, आणि तोंवर रात्रीची बोचरी थंडी ओसरलेली असते. भेंडी, गवार व चवळी यांना मात्र द्रोणाचे लाड नकोत. त्यांचें भिजविलेलें बीं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत जागेवरच टोकावें. टोमॅटो, वांगीं आणि मिरची यांचें बीं याहून आधीं, डिसेंबरच्या अखेरीस, पेटींत पेरलेलें असावें लागतें. ज्यांनीं तें केलें नसेल त्यांनीं यंदा तयार रोपें आणावीं, त्यांत कमीपणा नाहीं. मेथी आणि पालक उन्हाळ्यांत लवकर फुलावर जातात, म्हणून ऊन तापल्यावर त्यांचा हट्ट धरूं नये. त्यांच्या जागीं माठ व तांदुळजा पेरावा. या दोन्ही पालेभाज्यांना उष्णता मानवते, आणि महिन्याभरांत त्या खुडावयास येतात.

बियांची निवड करतांना आपल्या हवेंत पारखलेले वाण घ्यावे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें १९८५ सालीं दिलेली 'परभणी क्रांति' ही भेंडी शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला तोंड देण्यासाठींच काढलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'हिमांगी' काकडी व 'सम्राट' दुधी हींहि घरगुती बागेस योग्य आहेत. गच्चीवर बाग करणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी कीं भेंडीला बादलीएवढी कुंडी पुरते, परंतु दुधीला निदान अर्धें पिंप माती हवी. लहान कुंडींतला दुधी एप्रिलांत दिवसांतून दोनदां पाणी मागतो आणि तरीहि सुकतो.

वर दिलेल्या तारखा देशासाठीं आहेत. कोंकणांत हिंवाळा सौम्य असल्यामुळें तेथील लोक भातकापणी उरकली कीं, जमिनींत ओल असतांनाच, वायंगणी भाजीपाल्याला लागतात. त्यांना संक्रांतीपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. विदर्भांत थंडीहि अधिक आणि मेमधील ऊन तर ४५ अंशांपर्यंत. तेथें घरांतल्या उबेचें महत्त्व दुप्पट, आणि मार्चपासून वेलांवर सावलीची ताटी हवीच. इंग्लंड-अमेरिकेंत राहणारीं आपलीं मुलें-सुनाहि खिडकींत रोपें करतात. परंतु त्यांचा हिशेब निराळा. तेथें शेवटचें हिम कधीं पडेल त्या दिवसापासून मागें मोजतात, कारण त्यांचा शत्रु पाठीमागून येतो. आपण वैशाखापासून मागें मोजावें, कारण आपला शत्रु समोरून येतो.

आतां पाण्याविषयीं. मामंजींचें म्हणणें कठोर वाटलें तरी अयोग्य नाहीं, आणि ज्या घरीं माणसांना पाणी मोजून मिळतें तेथें बागेनें आपला खर्च दाखविलाच पाहिजे. देशावर ऐन उन्हाळ्यांत उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानें दिवसाला सुमारे आठ ते दहा मिलिमीटर उतरते. एका चौरस मीटरावरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हां ओल्या ठेवलेल्या प्रत्येक चौरस मीटरामागें आठ-दहा लिटर पाणी रोज उडून जाण्याची धास्ती असते. हा खर्च कमी करण्याचें साधन शिशिर ऋतु स्वतःच देतो. याच दिवसांत पानगळ होते, आणि आपण तो पाचोळा झाडून जाळतों किंवा कचऱ्यांत टाकतों. तो पोत्यांत भरून ठेवावा, आणि फेब्रुवारीअखेर प्रत्येक आळ्यांत चार बोटें जाड पसरावा. मातीवर ऊन थेट पडत नाहीं, ओल टिकते, आणि पावसाळ्यांत त्याच पाचोळ्याचें खत होतें. दुसरें साधन मडक्याचें: न भाजलेलें नव्हे, भाजलेलें पण झिलई नसलेलें सच्छिद्र मडकें दोन वेलांच्या मध्यें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. पाणी हळूहळू झिरपून मुळांपाशीं जातें, वाऱ्या-उन्हाला सांपडत नाहीं. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेलें पाणी एका बादलींत सांठविलें तर चार-पांच वेलांना त्याचा मोठाच आधार होतो. ही व्यवस्था मुळें खोल गेलेल्या वेलांना पुरते. उशिरां लावलेल्या उथळ मुळांना कितीहि पाजलें तरी थोडेंच. पाण्याची बचत ही मे महिन्यांत करावयाची गोष्ट नाहीं, ती जानेवारींत करून ठेवावी लागते.

वेल फुलावर आले कीं घरांतील वडील माणसांनीं एक काम आपणाकडे घ्यावें. दुधी व दोडका यांचीं फुलें सायंकाळीं उमलतात, काकडी-कारल्यांचीं सकाळीं. शहरांत मधमाशी नेहमीं येतेच असें नाहीं. म्हणून ताजें नरफूल खुडून, पाकळ्या मागें वळवून, त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेंकवावे. दिवेलागणीला आजीनें नातीला बरोबर घेऊन हें केलें तर पांच मिनिटांचें काम आहे. ज्या फुलाला पराग लागला त्याच्या देठाला रंगीत दोरा बांधावा, आणि तारीख वहींत लिहावी. आठवड्याभरांत फळ फुगूं लागतें, आणि त्या मुलीला आपल्या हाताचा गुण स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतो. तिला अन्य उत्तर देण्याची आवश्यकता उरत नाहीं.

बाग सोडावी कीं करावी, या प्रश्नाला माझें उत्तर म्हणून असें आहे: बाग करावी, परंतु लहान करावी आणि वेळेवर करावी. दोन वेल दुधीचे, दोन काकडीचे, दहा झाडें भेंडीचीं आणि एक वाफा तांदुळज्याचा, एवढ्यानें आरंभ पुरे. एक वही घालून तींत बीं भिजविल्याचा, अंकुराचा, लावणीचा, पहिल्या मादीफुलाचा व पहिल्या तोडणीचा असे पांच दिवस टिपून ठेवावे. अशी वही तीन वर्षें झाली म्हणजे ती तुमच्या घरचें पंचांग होते, आणि मग या पाठांचीहि गरज राहत नाहीं.

पुढील अंकीं वेलांच्या मांडवाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. ज्यांना गच्चीवर बांबू उभे करण्यास जागा नाहीं, त्यांनीं आपल्या अडचणी जरूर कळवाव्या. त्यांचा विचार त्याच लेखांत करूं.